शेक, सुंठ आणि चालणे

रबराची ती जाड पिशवी बहुतेक मराठी घरांत कपाटाच्या तळाशी, जुन्या स्वेटरांच्या मागे पडलेली असते. महिन्यातून एकदा ती बाहेर निघते. गॅसवर पाणी चढते, पिशवीभोवती पंचा गुंडाळला जातो आणि घरातली मुलगी गुडघे पोटाशी घेऊन पलंगावर आडवी होते. पिशवी कुठे ठेवली आहे हे घरातल्या पुरुषांना सहसा ठाऊक नसते, तो विषय वेगळा.

या शेकाची रीतसर परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत २००१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. पाळीत पोट दुखणाऱ्या ऐंशीहून अधिक स्त्रिया तीत होत्या. त्यांचे चार गट केले होते. प्रत्येकीच्या पोटावर एक पट्टी होती आणि प्रत्येकीला गोळी मिळत होती, पण काहींची पट्टी ३८.९ अंश सेल्सिअसला गरम राहणारी होती, तर काहींची थंड. काहींची गोळी आयबुप्रोफेनची होती, तर काहींची नुसतीच साखरेची. रोज सुमारे १२ तास, सलग दोन दिवस हा प्रयोग चालला. नुसत्या शेकाने मिळालेला आराम ४०० मिलिग्रॅमची आयबुप्रोफेन दिवसातून तीनदा घेण्याइतका भरला. गोळी आणि शेक एकत्र मिळाले त्या गटाला आराम जाणवायला दीड तास लागला; थंड पट्टीवर गोळी घेणाऱ्यांना जवळजवळ पावणेतीन तास.

आता ३८.९ अंश म्हणजे काही कढत पाणी नव्हे. अंगात बऱ्यापैकी ताप असला की शरीर जेवढे तापते, तेवढेच हे तापमान. आपल्याकडे मात्र शेक म्हटला की चटका बसलाच पाहिजे अशी समजूत आहे. उकळते पाणी थेट पिशवीत ओतायचे, तीच पोटावर घेऊन झोपी जायचे आणि सकाळी कातडीवर लालसर-तपकिरी जाळी उमटलेली पाहायची, असे अनेकींचे होते. महिनोन्‌महिने हे चालले तर ते डाग पक्के होतात. खरा गुण दीर्घकाळ टिकणाऱ्या कोमट उबेत आहे, कढतपणात नाही. पिशवी नसेल तर तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी चालते, खडेमिठाची चालते, दोन्ही नसतील तर गरम पाण्याने अंघोळही चालते. पाळीत न्हाऊ नये हा जुना दंडक कोणी अजून पाळत असेल, तर तो सोडून देण्याला हे एक चांगले निमित्त.

उबेने आराम का पडतो हे कळण्यासाठी मुळात दुखते का, ते पाहावे लागते. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर मंडळी या दुखण्याचे खापर बाईच्या मनावर फोडत होती. मुलगी हळवी आहे, लग्न झाले की थांबेल, एक मूल झाले की थांबेल, असे सल्ले दवाखान्यातही मिळत. १९५७ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ व्ही. आर. पिकल्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. पाळीच्या स्रावात स्नायूंना आकुंचन पावायला लावणारा एक पदार्थ सापडतो, एवढेच त्यात सांगितले होते. पुढे तो पदार्थ प्रोस्टाग्लँडिनांच्या कुळातला निघाला. या कुळाला नाव दिले होते स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी, १९३० च्या दशकात. पुरुषाच्या वीर्यात ते सापडले म्हणून प्रोस्टेट ग्रंथीवरून हे नाव पडले आणि आज जगभरच्या मुली पहिल्या दिवशी ज्याच्या नावाने कळवळतात त्या रसायनाला पुरुषी ग्रंथीचे नाव चिकटून राहिले.

घडते ते असे. त्या महिन्यात गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते. गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि सुटता सुटता त्यातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिने बनवतात. त्यांच्या हुकमाने गर्भाशयाचा स्नायू आवळतो, अस्तर बाहेर ढकलतो. इथवर सगळे रीतसर आहे. पण ज्यांच्या अंगात हे रसायन जास्त बनते, त्यांच्या गर्भाशयातला दाब पाऱ्याच्या १५० मिलिमीटरच्याही वर जातो. आपला वरचा रक्तदाब साधारण १२० असतो, हे लक्षात घेतले तर पुढचे आपोआप समजते: रक्त ज्या दाबाने आत यायचे त्यापेक्षा स्नायूची पकडच घट्ट, त्यामुळे तेवढ्या वेळापुरता स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात येणारी ती पिळवटून टाकणारी कळ रक्ताला तहानलेल्या स्नायूची असते. उबेने रक्तवाहिन्या पसरतात, स्नायू सैलावतो, म्हणून शेक लागू पडतो.

हेच रसायन रक्तातून इतरत्रही पोचते. पहिल्या दिवशी होणारे जुलाब, मळमळ, उलटी, डोकेदुखी या सगळ्यामागे तेच. ‘काहीतरी बाहेरचे खाल्ले असशील’ म्हणून आई रागावते तेव्हा पाणीपुरीवाल्यावर उगाच आळ येतो. रसायनाचा जोर पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मुलगी पुन्हा हसतखेळत हिंडू लागते. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने दुखत नाही आणि मग अचानक दुखू लागते, याचेही कारण सापडते. सुरुवातीच्या महिन्यांत अनेकदा बीजच सुटत नाही. बीज नाही तर प्रोजेस्टेरॉनचा तो चढउतार नाही, आणि चढउतार नाही तर कळही नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदावर्ता नावाच्या विकाराचे वर्णन येते: आर्तव अडखळत, वेदनेसह येते आणि ते बाहेर पडताच बाईला बरे वाटते. कारणमीमांसा वाताची उलटी गती अशी आहे, ती आजच्या विज्ञानाशी जुळत नाही. निरीक्षण मात्र पक्के आहे.

दुखणे रसायनाचे आहे हे कळल्यावर उपायांची यादी दोन भागांत पडते. काही उपाय त्या दोन दिवसांत करायचे आणि काही उरलेल्या महिन्याचे. लोकांचे लक्ष पहिल्या भागाकडे असते. फरक मात्र दुसऱ्यानेही पडतो.

व्यायामाचेच घ्या. कॉक्रन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून त्यांची छाननी करते. तिने २०१९ साली व्यायाम आणि पाळीचे दुखणे यांवरच्या १२ चाचण्या तपासल्या. त्यांत एकूण ८५४ स्त्रिया होत्या. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर सुमारे २५ मिलिमीटरने उतरले. १० मिलिमीटर उतरले तरी बाईला फरक जाणवतो असे मानतात, म्हणजे हा आकडा मोठाच आहे. पुरावा फारसा भक्कम नाही, चाचण्या लहान होत्या, हेही त्याच अहवालात स्पष्ट लिहिले आहे. व्यायाम कोणता, याला फारसे महत्त्व दिसले नाही. घाम काढणाऱ्या एरोबिक्सनेही गुण आला आणि संथ ताणाच्या योगासनांनीही आला.

इराणमध्ये ९२ विद्यार्थिनींवर झालेल्या एका चाचणीत भुजंगासन, मार्जारासन आणि मत्स्यासन अशी फक्त तीन आसने शिकवली होती. २०११ साली तिचे निष्कर्ष आले. आसने करणाऱ्या मुलींच्या वेदनेची तीव्रताही उतरली आणि दुखण्याचा काळही आखडला. पुण्यात गीता अय्यंगार यांनी स्त्रियांसाठी योगाची जी पद्धत घडवली, तीत पाळीच्या दिवसांत शीर्षासन-सर्वांगासनासारखी उलटी आसने वर्ज्य असतात आणि पाठीखाली लोड घेऊन सुप्त बद्धकोनासनासारख्या स्थितीत बराच वेळ राहायला सांगतात. लोड नसेल तर दोन उशा आणि घडी घातलेली चादर पुरते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. व्यायाम महिनाभर केला तर पाळीच्या दिवसांत गुण येतो. कळा सुरू असताना जिममध्ये गेलेच पाहिजे असा कोणाचाही आग्रह नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनी गटात एकूण १९९ किलो वजन उचलले. कांस्यपदक २०० किलोवर गेले. स्पर्धेनंतर तिने सांगितले की आपला पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा जाणवत होता. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हीदेखील असेच उघडपणे बोलली होती. शरीर अत्यंत कमावलेले असले तरी त्या दिवसांत ते कुरकुर करू शकते. ज्या मुलीला पहिल्या दिवशी पडून राहावेसे वाटते तिने खुशाल पडून राहावे. ज्यांना चालल्याने मोकळे वाटते त्यांनी सोसायटीला दोन चकरा माराव्यात. पाळीत धावपळ केली की गर्भाशय सरकते, ही भीती मात्र निराधार आहे. शाळेत पीटीच्या तासाला मुलींना याच कारणाने बाकावर बसवून ठेवले जाते, ते बंद व्हायला हवे.

स्वयंपाकघरातल्या उपायांत सुंठीचा मान पहिला. २००९ साली इराणमधल्याच १५० विद्यार्थिनींचे तीन गट केले गेले. एकीकडे आल्याची भुकटी भरलेली २५० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून चारदा, दुसरीकडे मेफेनॅमिक अॅसिड, तिसरीकडे आयबुप्रोफेन. तीन दिवसांनी तिन्ही गटांत जवळजवळ सारखाच आराम होता. दिवसाचा हिशेब होतो एक ग्रॅम सुंठ, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याच्या आसपास. गूळ-सुंठीची गोळी बाळंतिणीलाच द्यायची असे काही नाही. पण पाळीच्या दिवसांत सुंठ घालून चहाच ढोसायचा असेल, तर तो जेवणानंतर लगेच नको. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही.

यापुढची गोष्ट जरा सावधपणे सांगावी लागते. १९९६ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये एल. बी. गोखले यांचा एक अभ्यास आला. १२ ते २१ वयाच्या ५५६ मुलींना ९० दिवस रोज १०० मिलिग्रॅम ब-१ जीवनसत्त्व देण्यात आले आणि ८७ टक्के मुलींचे दुखणे पूर्ण थांबल्याचे त्यात नोंदले आहे. स्वस्त गोळी, आपल्याच देशातला अभ्यास, एवढा मोठा आकडा! जगभरच्या लेखांत तो अजूनही उद्धृत होतो. मात्र ८७ टक्के गुण देणारे औषध एव्हाना प्रत्येक दवाखान्यात दिसायला हवे होते. ते दिसत नाही. २०१६ च्या कॉक्रन अहवालाने सुंठीसह सगळ्याच पूरक आहारांबद्दल पुरावा कच्चा असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा ब-१ साठी गोळ्यांच्या बाटल्या घेण्यापेक्षा डाळी, शेंगदाणे, तीळ आणि हातसडीचा तांदूळ ताटात असावा. त्यांचे इतर फायदे तरी पदरात पडतात.

माशांच्या तेलाबद्दल थोडी अधिक आशा बाळगता येते. प्रोस्टाग्लँडिने शरीर मेदाम्लांपासूनच बनवते. आहारात ओमेगा-३ जातीची मेदाम्ले वाढली की तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने सौम्य प्रकारची असतात, असा त्यामागचा तर्क. १९९६ साली अमेरिकेत ४२ किशोरवयीन मुलींना दोन महिने मासळीचे तेल देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे दुखणे घटले आणि गोळ्याही कमी लागल्या. कोकण-गोव्यात यासाठी कॅप्सूलची गरज नाही. बांगडा आणि तारली हे बाजारातले स्वस्त मासे, आणि नेमके तेच तेलकट. सुरमई-पापलेटची श्रीमंती इथे कामाची नाही. शाकाहारी घरात जवसाची चटणी आहे, विदर्भ-मराठवाड्यात ती रोज पानात असते. जवसातल्या ओमेगा-३ चा थोडाच भाग शरीर हव्या त्या रूपात बदलू शकते, म्हणून ती चमचाभर नव्हे, सवयीने खावी.

दही, चिंच, लोणचे खाल्ल्याने पोट जास्त दुखते याला आधार सापडत नाही. उपाशी राहण्याबद्दल मात्र विचार करायला हवा. जपानमध्ये महाविद्यालयीन मुलींच्या पाहण्यांत सकाळची न्याहारी टाळणाऱ्या मुलींचे पाळीचे दुखणे अधिक तीव्र असल्याचे आढळले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. तरीही आपल्याकडे चतुर्थी, गुरुवार, हरतालिका असे उपास करून शिवाय सकाळी घाईत डबा भरून स्वतः कोऱ्या चहावर निघणाऱ्या मुली-बायका कितीतरी आहेत. पाळीची तारीख जवळ आली असेल तर त्या आठवड्यात तरी पोटात काही घालून घराबाहेर पडावे.

तंबाखूबद्दल शहरी लेखांत सिगारेटीचाच उल्लेख येतो. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत पाळीचे दुखणे अधिक आढळते, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत बायका मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. रक्ताला आधीच तहानलेल्या स्नायूला ते परवडणारे नाही. पोटात दुखते म्हणून चिमूटभर मिश्री जास्त लावणाऱ्या बायका आहेत. त्यांना हे कोणीतरी समजावून सांगायला हवे, आणि ते गावातल्या ‘आशा’ आरोग्यसेविकांइतके नीट दुसरे कोण सांगणार?

झोपेबद्दल फार बोलायला नको. अपुरी झोप वेदनेची धार वाढवते, हे सगळ्याच दुखण्यांना लागू आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा अभिमान मात्र मर्यादेत ठेवावा. गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही, सवय लागते, असे सांगून मुलींना कळा सोसायला लावणे हा क्रूरपणा आहे. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन बनण्याची क्रियाच रोखतात. अॅस्पिरिन हेच काम करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. यावरून गोळी कधी घ्यावी तेही ठरते: दुखणे शिगेला पोचल्यावर नव्हे, सुरू होतानाच, आणि पोटात अन्न असताना. पण गोळीही रामबाण नाही. कॉक्रनच्या हिशेबाने साखरेच्या गोळीने १०० पैकी १८ जणींना चांगला आराम पडतो, खऱ्या गोळीने ४५ ते ५३ जणींना. उरलेल्या अर्ध्या जणींना शेक, व्यायाम आणि डॉक्टर यांची गरज राहतेच. पोटात अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर मुळीच नकोत. मेफेनॅमिक अॅसिडमुळे क्वचित पुरळ, ताप आणि यकृताला सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला आहे.

जीवनशैली बदला, हा सल्ला द्यायला सोपा आहे. ज्यांचा दिवस स्वतःच्या हातात आहे त्यांनाच तो पाळता येतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाच्या हिशेबात एक ‘कोयता’ असते. उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा झाला की दंड पडतो. फडात ना आडोसा, ना गरम पाणी. पाळीच्या दिवशीही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढावे लागते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकजणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पोटदुखी, अंगावरून जाणे आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ ही घातलेली भीती, एवढ्यावर त्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचल्या. पाळीच्या साध्या दुखण्यासाठी गर्भाशय काढण्याचे काहीही कारण नसते. कारखान्याने तोडणीच्या तळावर शौचालय, पाणी आणि दोन दिवसांची दंडाशिवाय सुट्टी दिली असती, तर त्यातली कितीतरी गर्भाशये जागेवर राहिली असती.

दुसऱ्या टोकाला उशीर आहे. एंडोमेट्रिओसिस या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रियांना तो आहे. निदान व्हायला बऱ्याचदा कित्येक वर्षे जातात, कारण ‘पाळीत दुखतेच’ हे वाक्य आधी आजीकडून, मग आईकडून आणि मग डॉक्टरकडूनही ऐकायला मिळते. दुखणे दर वर्षी वाढत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला कळ येत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, पंचविशीनंतर नव्यानेच दुखू लागले असेल, तांबी बसवल्यापासून त्रास वाढला असेल, पॅड दर तासाला बदलावे लागत असेल किंवा सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, तर शेक आणि सुंठ यांवर महिने घालवू नयेत.

डॉक्टरकडे जाण्याआधी तीन पाळ्यांची नोंद एका वहीत करावी: तारीख, दुखणे दहापैकी किती, किती तास, कोणती गोळी केव्हा घेतली, शाळा किंवा काम बुडाले का. दोन मिनिटांच्या तपासणीत तोंडी जे सांगायचे राहते ते या एका पानावर सापडते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असे ठरत नाही. दुखणे कायम राहिले तर तीच वही घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे.